कक्ष क्रमांक चारमधील अनियमित उष्णता

जी उष्णता मोजता येते तीच खरी, बाकी सारे मनाचे खेळ. हे सत्य तापमापक तपासणी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. त्या भिंतीला दर उन्हाळ्यात पोपडे येतात (ते कुणी मोजलेले नाहीत, त्यामुळे ते खरे नाहीत).

शहरातला कुठलाही थर्मामीटर, मग तो दवाखान्यातला असो, बेकरीच्या भट्टीवरचा असो की घरोघरी काखेत जाणारा असो, या कार्यालयाच्या शिक्क्याशिवाय विकला जात नाही. आणि शिक्का मिळतो तो कक्ष क्रमांक चारमधल्या मोठ्या बाईंच्या शब्दावर. वय एकोणपन्नास वर्षे आठ महिने, हुद्दा मुख्य तपासनीस, सेवा तेवीस वर्षे, चुका शून्य. कक्षाचे तापमान बरोब्बर वीस अंश. खिडकी नाही, पंखा नाही (वाऱ्याने पारा बिचकतो), आणि दार वीस सेकंदांपेक्षा जास्त उघडे राहिले तर लेखी खुलासा. या खोलीत बाई टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवायच्या, भिंगातून पारा बघायच्या आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायच्या. टेबलापलीकडचा कारकून ते लिहून घ्यायचा. त्याला सगळे बिनचूक म्हणत. त्याने आयुष्यात कधी खाडाखोड केली नव्हती, कारण खाडाखोड टाळायची तर मुळात विचार करू नये, हे त्याला फार लवकर उमगले होते.

बाईंना आपल्या खुर्चीचा अभिमान होता, आणि का नसावा? तेवीस वर्षांत त्यांचे आणि थर्मामीटरचे तीनशे अकरा वेळा मतभेद झाले होते आणि तीनशे अकराही वेळा थर्मामीटर तोंडघशी पडला होता.

मग एका मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, बाई म्हणाल्या, “उकडतंय.”

बिनचूकने भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. वीस. टाकीजवळचा पाहिला. वीस. मग बाईंकडे पाहिले. मानेवरून घामाच्या धारा, कान लालबुंद आणि वारा घालायला हातात सेवानियमांची प्रत. थर्मामीटर एक सांगतो आणि बाई दुसरे सांगतात, अशा वेळी काय करायचे याचा पायंडा तीनशे अकरा वेळा पडलेला होता. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘खोलीतील सर्व चाळीस तापमापक नापास.’

साडेअकराला नवे चाळीस आणले. तोवर बाईंचा घाम सुकून त्यांना हुडहुडी भरली होती आणि त्या शाल गुंडाळून बसल्या होत्या. नवे चाळीस उलट्या दिशेने नापास झाले.

“अहो, तसं नाही हो,” बाई म्हणू लागल्या, “माझंच काहीतरी...” पण पुढचा शब्द सापडेना. हल्ली असे व्हायचे. साधे साधे शब्द ऐन वेळी दडी मारून बसायचे. परवाच त्यांनी चष्म्याला ‘ते डोळ्यांचं’ म्हटले होते, आणि बिनचूकने त्याच नावाने तो साठ्याच्या वहीत चढवला होता. शब्द सापडेपर्यंत नापासाच्या नोंदीची शाई वाळली, आणि या कार्यालयात वाळलेली शाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शुक्रवारपर्यंत अकराशे चाळीस थर्मामीटर बाद झाले.

घरी या उष्णतेवर स्वतंत्र संशोधन चालू होते. यजमानांचे मत पडले की पित्त आहे. नणंदेने फोनवर निदान केले की तू पाणी कमी पितेस. मुलीचे म्हणणे, आई हल्ली कशावरूनही चिडते. (त्या आठवड्यातल्या चिडण्याची कारणे : ओला टॉवेल पलंगावर, दोनदा. दुधाचे रिकामे भांडे फ्रिजमध्ये परत, तीनदा. ‘आज काय केलंयस?’ हा प्रश्न, एकवीस वेळा. विनाकारण, एकदाच, आणि त्याबद्दल बाई न्हाणीघरात जाऊन रडल्या.) डॉक्टरांकडे दोन तास बसल्यावर दीड मिनिट मिळाले. डॉक्टरांनी वय विचारले, मान डोलावली, “घरी काही टेन्शन?” म्हणाले आणि कॅल्शियम लिहून दिले. टेन्शन नव्हते, ते बाहेर आल्यावर आले.

खरा उलगडा केला तो कॅन्टीनच्या मावशींनी. बाई चहाच्या रांगेत उभ्या होत्या. अचानक त्यांनी थंडगार पाण्याची बाटली मानेला लावली. मावशींनी एकदाच निरखून पाहिले.

“किती महिने झाले, बाई?”

“कसले?”

“आता माझ्यापासून काय लपवताय. पाळी लांबतेय ना? मी तर दोन वर्षं बर्फाच्या पेटीत डोकं घालून हिशेब लिहायचे. लोकांना वाटायचं मावशी बर्फ शोधतेय. जातं हे. पण तोवर कुणाला तरी सांगून टाकावं, नाहीतर आतल्या आत शिजतो माणूस.”

बाईंना इतके हसू आले की चहा सांडला. मग एकदम रडू आले, मग पुन्हा हसू. आठ महिने त्यांना वाटत होते की आपल्याला वेड लागत चालले आहे. बरे वाटले त्यांना, फार बरे वाटले. आणि लगेच त्यांनी हसू आवरून मागे कुणी ऐकले नाही ना ते पाहिले, कारण कुणाला तरी सांगणे म्हणजे नियम एकेचाळीस.

नियम एकेचाळीस असा : ‘तपासनीसाचे शरीर हे कार्यालयाचे प्रथम उपकरण समजावे. सदर उपकरण अस्थिर आढळल्यास त्याची रवानगी तळघरातील शिक्के विभागात करावी.’ हा नियम ज्या सात जणांनी केला ते सातही पुरुष होते, साठीला टेकलेले होते आणि त्यांची सातही उपकरणे अत्यंत स्थिर होती (मंजुरीच्या वेळी तिघे झोपले होते, असे इतिवृत्त सांगते). तळघरात माणूस दिवसभर शिक्क्यांवरची शाई पुसतो. तिथून वर परत आलेला अद्याप कुणी नाही. बोलावे तर खुर्ची जाते, न बोलावे तर शहरातले थर्मामीटर जातात. बाई गप्प बसल्या. त्यांना त्याची लाज वाटत होती, पण तेवीस वर्षे तळघरात घालायचीही छाती होईना.

तिकडे शहरात थर्मामीटरचा दुष्काळ पडला. पुरावाच उरला नाही म्हणून ‘अंगात ताप आहे’ या सबबीवरच्या रजा बासष्ट टक्क्यांनी घटल्या. शाळांत पोरांची हजेरी इतकी वाढली की शिक्षकच आजारी पडले. दवाखान्यांत कपाळाला हात लावून ताप बघू लागले आणि दहांतले नऊ रोगी पूर्वीसारखेच बरे झाले (दहावाही झाला, पण त्याने तक्रार केली).

अखेर साहेबांनी पाच जणांची समिती नेमली. समितीने पद्धतशीर काम केले. आधी भिंतीचा रंग खरवडला. मग दिवा बदलला. मग उन्हाची दिशा तपासली (खोलीला खिडकी नाही, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आले). मग संशय बाईंच्या खुर्चीवर गेला आणि खुर्ची दुरुस्तीला पाठवली. बाई स्टुलावर बसल्या, तर उष्णता स्टुलावर. बाईंना जिन्यात उभे केले, तर उष्णता जिन्यात. समितीने अहवाल दिला : ‘सदर उष्णता चल स्वरूपाची असून ती मोठ्या बाईंच्या मागोमाग हिंडते. मात्र तिचा बाईंशी काही संबंध असल्याचे आढळून आले नाही.’ समितीतल्या पाचांपैकी चौघांच्या बायका पन्नाशीच्या आसपास होत्या, आणि अशी उष्णता त्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाहिली नव्हती, असे त्यांनी स्वतंत्र पत्राने कळवले.

अहवाल मंजूर करायची बैठक कक्ष क्रमांक चारमध्येच भरली. शेवटचा ठराव होता बारा थर्मामीटरचा. ते बारा दवाखान्याच्या नवजात बाळांच्या खोलीतले होते. अपुऱ्या दिवसांची, तळहाताएवढी बाळे जिथे काचेच्या पेटीत ठेवतात, तिथले. शहरात शिक्का असलेले तेवढेच उरले होते. बाईंनी ते स्वतः दोनदा तपासले होते आणि ते बारा सोन्यासारखे होते.

अकरा वाजून वीस मिनिटे झाली. बाईंच्या छातीतून वाफेचा लोट उठला आणि मानेवरून टाळूपर्यंत गेला. साहेबांनी त्यांच्या घामाकडे पाहिले, थर्मामीटरकडे पाहिले आणि बिनचूकला म्हणाले, “घ्या लिहून. बाराही नापास.”

बिनचूकने पेन टेकवले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “थर्मामीटर बरोबर आहेत. अकराशे चाळीसही बरोबर होते. खोली गरम नाही, मी गरम होतेय. माझी पाळी बंद होतेय.”

साहेबांनी पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. हे नव्वद सेकंद चालले (मोजलेले आहे, त्यामुळे खरे आहे). एका सदस्याने खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न केला. दुसऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा असूनही प्यायला.

“बाई,” बिनचूक हळूच म्हणाला, “हे शब्दशः घ्यायचं का?”

“प्रकृतीच्या कारणास्तव, असं लिहा,” साहेब घाईने म्हणाले.

“शब्दशः घ्या,” बाई म्हणाल्या. “आणि ते बारा पास करा आधी.”

त्याने आधी बारा पास केले, मग ते शब्दही घेतले. दोन्हींची शाई वाळली.

साहेब खाकरले. “म्हणजे मग, बाई, मला वाईट वाटतं, पण नियम एकेचाळीस...”

“साहेब, आपण रोज काय काम करतो?” बाईंच्या मानेवरून घाम वाहत होता आणि त्यांनी तो पुसला नाही. “एक तरी थर्मामीटर शंभर टक्के खरा असतो का? नसतो. कुणी अर्धा अंश जास्त दाखवतो, कुणी पाव अंश कमी. आपण फेकतो का त्याला? आपण त्याला दुरुस्तीपत्रक देतो. हा अर्धा अंश जास्त दाखवतो, वाचताना वजा करावा. ज्याची चूक माहीत आहे तो थर्मामीटर आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा. माझी चूक मला मिनिटाच्या हिशेबात माहीत आहे. अकरा वीसला चढते, चार मिनिटांत उतरते, मग पाव तास थंडी. एक पत्रक द्या मला. तळघर कशाला?”

समितीने एकमेकांकडे पाहिले. पाळी हा शब्द त्यांना पेलवत नव्हता, पण दुरुस्तीपत्रक हा शब्द त्यांचा जिवाभावाचा होता. त्यांचे चेहरे उजळले. पाच मिनिटांत पत्रक तयार झाले : ‘मोठ्या बाई. अ. क्र. १. सकाळी ११.२० ते ११.४० या वेळात मत ग्राह्य धरू नये. एरवी निर्दोष.’ त्यावर शिक्का बसला. मागोमाग एक उपप्रश्नही निघाला : बाकीच्यांचे काय? तपासणी केली तेव्हा साहेबांची चिडचिड बाईंच्या अडीचपट भरली. पण ती वीस वर्षे एकाच पातळीवर असल्याने स्थिर ठरली आणि नियमात बसली. मावशींनी कॅन्टीनच्या दारावर हाताने लिहिलेले स्वतःचे पत्रक लावले : ‘सात वर्षांपूर्वी सगळं उतरलं. आता फक्त उधारीवाल्यांना बघून चढतं.’

सगळे आनंदीआनंद झाले असते, पण पत्रक तात्पुरते होते. नियम एकेचाळीस कायमचा बदलायचा तर हा प्रकार जनतेत खरोखर आहे, याचा आकडा हवा. जी उष्णता मोजता येते तीच खरी. म्हणून घरोघरी एक अर्ज गेला. प्रश्न एकच : ‘आपल्या घरात पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षांची जी स्त्री आहे, तिला गेल्या सहा महिन्यांत कसे वाटत आहे?’ अर्ज त्या स्त्रीने भरायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी भरायचा. शंभरांतल्या दहा घरांना जरी उत्तर ठाऊक निघाले, तरी बाईंची खुर्ची कायम. नाहीतर महिनाअखेरीस तळघर.

आजवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव अर्ज परत आले आहेत. आठ हजारांवर लिहिले आहे ‘मजेत’. हजारभर लोकांनी ‘पित्त’ लिहिले, त्यांत बाईंचे यजमानही आहेत (नंतर त्यांनी ते खोडून तीन ओळी लिहिल्या; पहिली शाई वाळलेली असल्याने मोजणीत पित्तच राहिले, पण त्या ओळी बाईंनी पर्समध्ये ठेवल्या आहेत). नऊशे नव्व्याण्णव अर्जांत उत्तर अचूक, सविस्तर आणि तारखांसह आहे. पण त्यांतल्या बहुतेकांचे अक्षर बायकी, म्हणजे बहुधा त्या स्त्रीचेच, असल्याने बिनचूकने ते, डोळे पुसत, बाजूला ठेवले असते, जर त्याला विचार करायची सवय असती. सुदैवाने ती नाही. त्याने ते सगळे बिनबोभाट मोजले आहेत.

दहा टक्क्यांना आता एकच अर्ज कमी पडतो आहे. दहा हजारावा. नोंदवहीत पाहिले, तो तुमच्या घरी गेलेला आहे. प्रश्न सोपा आहे, ओळ एकच आहे. फक्त पेन कुठे ठेवलंय हे विचारायला तिला हाक मारू नका. ती केव्हाची गॅलरीत वाऱ्याला उभी आहे.