दोन बोटांची जागा

टायरवर छापलेले तीन आकडे अख्ख्या पूर्णेत कुणाला कळत असतील तर ते आपल्यालाच, असं सिद्धोधनचं ठाम मत होतं. का नसावं? माणूस गणिताचे क्लास घेणारा! स्टेशनजवळच्या टपरीवर चहा येईपर्यंत तो शेजारच्याला ऐकवायचा, की पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा त्याच्या भिंतीच्या उंचीचा आणि तिसरा रिमचा. चहा येईपर्यंत शेजारचा उठून गेलेला असायचा.

हे सगळं त्या गाडीपायी. हैदराबादहून जुन्यात आणलेली, लालभडक, दोनच दारांची. मागं बसायचं तर पुढची सीट पाडून, अंग चोरून, जवळजवळ रांगत जावं लागे. गाडीत खोट काही नव्हती, पण तिची मूळची सोळा इंची चाकं सिद्धोधनच्या डोळ्यांत खुपायची. मडगार्डखाली एवढी पोकळी, की धाकट्यानं थोरल्याचा सदरा घातल्यासारखं दिसे.

पेडगावची कस्तुराआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची, सूर्यभानरावांची, थोरली बहीण. लहानपणी माय आजारी होती तेव्हा सिद्धोधन या आत्याच्याच ताटात जेवून वाढला. तिला गाडीचं भारी कौतुक. दर फोनला विचारायची, "सिधू, मला कधी बसवायलास?"

"नवी चाकं येऊ दे आत्या. मग तुझ्या दारातच आणून उभी करतो."

ती गल्लीभर सांगत सुटली. इकडं चाकं काही ठरेनात. सतरा इंची की अठरा, रुंदी दोनशे पंचवीस की दोनशे पंचेचाळीस, या विचारात अख्खा उन्हाळा सरला. क्लासच्या फळ्यावर पोरांची समीकरणं पुसून तिथं टायरचे व्यास आले. शेवटी ठरलं अठरा इंची, आणि रुंदी दोनशे पंचेचाळीस, कारण भरल्यासारखी दिसावीत! गॅरेजवाल्या दत्तानं ती शनिवारी चढवली. चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे दोघांनीही बोटं घालून पाहिली. दोन बोटं जात होती. दत्ता म्हणाला बसलं, सिद्धोधन म्हणाला तंतोतंत बसलं. आता मागं ओझं कशाला म्हणून त्यानं स्टेपनीही काढून दत्ताकडं ठेवली. आत्याला आणायला रविवारी जायचं होतं.

रविवारी पहाटे आत्याच्या मुलाचा, नागेशचा, फोन आला. कस्तुराबाई झोपेतच गेल्या होत्या.

बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. भावानं ते अंगावर घातल्याशिवाय तिला कुणी उचलत नाही. सूर्यभानरावांनी ओळखीच्या दुकानदाराला झोपेतून उठवलं आणि पांढरं लुगडं घेऊन आले. म्हातारा रेल्वेतून रिटायर झालेला, स्टेशन घराच्या मागंच, पास खिशात, आणि पेडगावला गाडी थांबते. सिद्धोधनची माय सुलाबाई म्हणाली, की पॅसेंजरनं गेलेलं बरं, ती यायची वेळही झाली.

"तिच्या दारात गाडी उभी करतो म्हणलो होतो बाबा," सिद्धोधन म्हणाला. "आज तरी करू द्या."

सूर्यभानराव लुगडं मांडीवर घेऊन पुढं बसले. सुलाबाई रांगत मागं गेली.

आणि इथंच गणित फसलं. दोन बोटं मोजली होती ती रिकाम्या गाडीत. तीन माणसं बसल्यावर गाडी खाली बसली आणि दोन बोटांतलं एकही बोट उरलं नाही. गावाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून असा आवाज आला, की जात्यात खडा सापडावा. सिद्धोधन म्हणाला, रस्ता खराब आहे. दुसऱ्या स्पीडब्रेकरला जळकट वास आला. सुलाबाईनं विचारलं, की घरी गॅस चालू तर राहिला नाही ना.

मग त्यानं तोड काढली. स्पीडब्रेकर आला की दोघांनी उतरायचं, चालत पलीकडं जायचं आणि पुन्हा बसायचं. म्हातारा लुगडं छातीशी धरून उतरायचा. मग सीट पडायची. मग सुलाबाई नणंदेच्या नावानं रडत उलटी बाहेर यायची. रिकामी गाडी डौलात स्पीडब्रेकर ओलांडायची आणि मागून ही दोघं उन्हातून चालत यायची. त्या रस्त्याला गावं किती, आणि प्रत्येक गावानं हौसेनं घातलेले स्पीडब्रेकर किती! लोक ओट्यांवरून बघत होते. एकानं विचारलंसुद्धा, की नवस बोललाय का.

मधे नागेशचा फोन आला. "दादा, कुठवर आलात? ऊन चढायलंय."

"ताडकळस मागं पडलं बघ," सिद्धोधन म्हणाला. ताडकळस अजून पुढं होतं. पुढच्या फोनला त्यानं परभणी गाठून टाकली. सूर्यभानराव ऐकत होते. त्यांनी फक्त लुगड्याची घडी नीट केली.

ताडकळसच्या अलीकडं एका खड्ड्यात मागचं डावं चाक आदळलं. घासून घासून पातळ झालेलं टायर फाटलं आणि रिम वाकली. स्टेपनी दत्ताकडं. सिद्धोधन धावत गावात जाऊन आला. तिथं ट्रॅक्टरचं टायर होतं, मोटारसायकलचं होतं, जीपचंही होतं. दोनशे पंचेचाळीसचं नाव काढल्यावर दुकानदारानं त्याला आधी पाणी दिलं.

तो परत आला तेव्हा गाडीत राहिलेला त्याचा फोन वाजतच होता. तो घ्यायला गेला, पण सूर्यभानरावांनी हात पुढं केला.

"नागेश, आमी ताडकळसच्या अलीकडंच हावोत. टायर फाटलंय."

पलीकडून नागेशचा आवाज बाहेरपर्यंत आला. "मामा, मघाशीच सांगितलं असतं तर मी जीप धाडली असती की. माणसं सकाळपासून उपाशी बसलीत."

परभणीची एसटी येताना दिसली. सूर्यभानरावांनी हात केला. सुलाबाई चढली, ते चढले, मागून सिद्धोधननं दांड्याला हात घातला. कंडक्टरनं विचारलं, किती?

सूर्यभानरावांनी मागं वळून पाहिलं, मग लुगड्याकडं पाहिलं.

"दोन," ते म्हणाले.

सिद्धोधनचा हात दांड्यावरून आपोआप सुटला. एसटी गेली. मागून दुसरीही आली, पण त्यानं हात केला नाही. कुठल्या तोंडानं जाणार? तो गाडीत बसून राहिला. जाणारे-येणारे थांबून चाकं बघत, चांगली आहेत म्हणत आणि निघून जात.

दुपारी नागेशचा फोन आला. "झालं दादा समदं. मामानं लुगडं घातलं." मग म्हणाला, "माय म्हणायची, गाडी दारात लागणार हाय. म्हणून तिला आमी भिताडाकडं सरकवून ठिवलं होतं. दारापुढं जागा सोडून."

सिद्धोधन फोन ठेवून खाली उतरला. फिरून उजव्या बाजूच्या धड चाकापाशी गेला, वाकला आणि मडगार्डखाली हात घातला. गाडीत आता कुणीच नव्हतं. दोन बोटं आरामात गेली.