फाटकापुढील चिखल मोडिला, त्याची हकीकत

सकळ घोडेस्वार, खरारा करणारे आणि ओल्या मोज्यांचे धनी यांसी विदित व्हावे. फाटकापुढील आवारात चिखलाने जो अंमल बसविला होता, तो कोणे प्रकारे उठला, हे आम्ही डोळां देखिले तैसे लिहितो. पदरचे काही घातले असेल तर तेवढे चिखलाचे माथी मारावे.

अखंडित-गमबूट-अलंकृत, पागेच्या धनीण ताईसाहेब यांचे पदरी सात घोडी, त्यांत थोरली ‘म्हातारी’. वय वर्षे तेवीस, तिची आई गेली तेव्हा ताईसाहेबांनी बाटलीने दूध पाजून वाढविलेली. त्या साली पावसाने दोन महिने उसंत दिली नाही आणि फाटकापुढे, जेथे घोडी दिवसा मोकळी सोडावयाची, तेथे घोट्याच्या वर चिखल जाहला, आणि त्यात उभे राहोन म्हातारीचे खूर मऊ पडले, मग कुजो लागले, मग ती लंगडो लागली. तेव्हा नालबंदकाका, ज्यांचेपुढे घोडेही हुज्जत करीत नाही, यांणी चारही खूर उचलोन पाहिले आणि फर्मान सोडिले की महिन्याचे आत कोरडी जमीन न मिळे तर म्हातारीस आमचे मेहुण्याचे माळावर रवाना करावे. माळ दीडशे कोसांवर. ताईसाहेब खरारा घेऊन म्हातारीची एकच कूस अर्धा तास घाशीत राहिल्या. आम्हांस फार वाईट वाटले.

मग मसलत बसली. ताईसाहेबांचे धाकटे बंधू भाऊसाहेब, ज्यांस सर्व काही अगोदरच ठाऊक असते, यांणी खडीचा एक ट्रक थेट चिखलावर ओतविला. पहिले दिवशी मोठी शोभा आली, आठवे दिवशी खडी औषधाला दिसेना.

“चिखलावर खडी टाकली की चिखल खडी खातो,” काका म्हणाले. “आधी त्याला हाकला.”

तेव्हा फावडी चालली आणि चिखल खरवडून बाहेर काढिला, आणि उताराकडे चर खणिला, मग तळाशी पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरोन त्यावर मोठी खडी बसविली. येथवर एकमत होते. वरचा थर कशाचा, येथे फौज फुटली. भाऊसाहेबांचा पक्ष लाकडाच्या ढलप्यांचा, ताईसाहेबांचा वाळूचा, काकांचा दगडाच्या बारीक कचीचा, आणि कोणी कोणास ऐकेना. शेवटी ठराव जाहला की तिहींचे एकेक चौकोन फाटकालगत घालावे आणि म्हातारी जेथे उभी राहील तोच निकाल.

चार दिवस म्हातारी ढलप्यांवरून हलली नाही. भाऊसाहेबांनी मिशीस पीळ दिला, मिशी नसता दिला, आणि दोन ट्रक ढलप्यांचा हुकूम फोनवरून रवाना केला.

पाचवे दिवशी ताईसाहेब पाण्याची बादली ठेवीत असता त्यांची नजर वर गेली. ढलप्यांचे बरोबर वर, खांबाच्या खिळ्यास, गवताने भरलेली जाळी लटकत होती. खिळा बारा वर्षे तेथेच, आणि रोज सकाळी जाळी अडकविणारा भाऊसाहेबांचा हात झोपेतही तेथेच जाणार.

“अरे शहाण्या,” ताईसाहेब कडाडल्या, “ती जमीन निवडत नाहीये, नाश्ता निवडतेय! आणि आपण तीन घोडे चार दिवस वही घेऊन बघत बसलोय!”

“मला वाटलंच होतं,” भाऊसाहेब म्हणाले, आणि ट्रक फिरवावयास फोनाकडे धावले.

जाळी काढिली आणि गवत तिन्ही चौकोनांवर सारखे पसरिले. वाळूवर म्हातारी गवताबरोबर वाळूही चाटो लागली. पोटात वाळू म्हणजे पोटशूळ, हे जाणोन ताईसाहेबांनी आपला पक्ष आपणच सोडिला, यास छाती लागते. ढलप्या उकरिल्या तो खालून पाणी धरोन काळ्या पडलेल्या. उरली कच. मग दोन्ही पराभूत पक्षांनीच घमेली उचलिली, आणि कच पसरिली, आणि रोलर फिरवोन दाबिली, आणि पाठी धरल्या त्या वेगळ्या.

महिना भरला ते दिवशी काका हत्यारांची पिशवी घेऊन हजर जाहले. मागोमाग पाऊसही आला, तासभर कोसळोन गेला. पाणी चराने निघोन गेले आणि जमीन जागची हलली नाही. फाटक उघडिले. म्हातारी सवयीने थबकली, नाक लावोन भुई हुंगली, मग चालत मधोमध गेली, गुडघे मोडिले आणि आडवी झाली. भरवशाच्या जमिनीवाचोन घोडे अंग टाकीत नाही, आणि त्या आवारात चिखल जाहल्यापासोन तिने अंग टाकिले नव्हते. क्षणात घोरो लागली.

“खूर बघायचेत,” काका हळूच म्हणाले. “उठवू का?”

“हात लावून बघा तिला!” ताईसाहेब म्हणाल्या, आणि रडल्या, आणि हसल्याही.

काका पिशवीवर बसोन राहिले आणि तेथूनच आपले फर्मान माघारी घेतले. येणेप्रमाणे चिखल मोडिला, म्हातारीचा मुक्काम पागेतच कायम जाहला, हे दफ्तरी नमूद केले असे. शिक्का मात्र घोडी उठल्यावर मारावा, आवाज होईल.