खैरनारकाकांचे दात

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेआठला ऊन आलं की खैरनारकाका एका हातात दाढीचा आरसा आणि दुसऱ्या हातात रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड घेऊन उभे राहायचे. भिंतीला द्यायचे रंग असतात त्यावर, हस्तिदंती, मलई, चंदन वगैरे. त्यातली एकेक पट्टी ते स्वतःच्या दातांना लावून बघायचे आणि मग ओरडायचे.

"कालही चंदन, आजही चंदन! फसवणूक शे ही मास्तर, शुद्ध फसवणूक!"

मास्तर म्हणजे मी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे बाजारातल्या प्रत्येक ट्यूबला मी जबाबदार, असं काकांचं मत.

काका मूळचे देवळ्याकडचे. तीस वर्षं बोअरच्या गाडीवर ड्रिलर होते. सगळं आयुष्य कॉम्प्रेसरशेजारी गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. न रागावता बोलणंही जमत नाही, पण त्याला कॉम्प्रेसर जबाबदार नसावा. लिफ्ट उशिरा आली की ते भडकतात आणि लगेच आली की 'काल कुठे मेली होती' म्हणून भडकतात. एरवी शहरासारखं बोलतात, पण पारा चढला की 'आहे' जातं आणि 'शे' येतं. 'शे' ऐकू आलं की आम्ही दारं लावून घेतो.

कुठल्याही बाबतीत त्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती फुटावर?" कुणाचं आजारपण असो, सोसायटीचं भांडण असो, त्यांच्या लेखी खरी गोष्ट नेहमी जमिनीखाली. वरची माती बघून बोलणाऱ्या माणसाचा त्यांना भयंकर तिटकारा.

काकू गेल्यापासून घरात ते आणि त्यांची भाची अर्चना. ती सातपूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हुशार आणि शांत मुलगी, पण हसली की हात तोंडावर जातो. पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आहेत.

मार्चमध्ये तिला बघायला पाहुणे आले. पोहे खाल्ले, दोनदा मागून खाल्ले, आणि दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोनवर मेसेज आला. 'मुलगी पसंत आहे. दातांचं तेवढं लग्नाआधी करून घ्यावं.'

तो मेसेज काकांनी मला दाखवला तेव्हा माझंच डोकं तापलं. काकांचं काय झालं असेल ते सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावरचं ओरडणं रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात ऐकू गेलं.

"जुनी गाडी घेताना डेंट काढून द्या म्हणतात ना, तसं लिहिलंय! माणसं शेत का कोण शेत?"

अर्चना मात्र शांतपणे म्हणाली, "मामा, त्यांना नकार मीच कळवते. पण दात मला करायचेत. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

काकांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "ठीक. पण तुझ्या तोंडात जे जाईल ते आधी माझ्या तोंडात जाईल."

शेडकार्ड आलं ते असं.

सुरुवात घरच्या उपायांनी झाली. पहिल्यांदा 'चमकदार शुभ्र' लिहिलेली पेस्ट. दोन आठवडे घासून चंदनच. मी समजावलं, "काका, पेस्ट फक्त वरचे डाग घासते. दाताचा मूळचा रंग ती बदलत नाही."

"म्हणजे वरची माती!" त्यांनी ट्यूब गॅलरीतून भिरकावली.

मग कोळशाची पावडर. बेसिन काळं, टॉवेल काळा, काका काळे, हिरड्यांतून रक्त. मी म्हटलं, याने दातांवरचं कवच झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. काका तसेच, काळ्या तोंडाने, मेडिकलवाल्याशी भांडायला गेले. त्यानंतर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघून लिंबू आणि खायचा सोडा. चौथ्या दिवशी माठातलं पाणी प्यायले आणि अशी किंकाळी मारली की वॉचमन काठी घेऊन वर धावला.

शेवटी आल्या दातांना चिकटवायच्या पट्ट्या. खरं सांगायचं तर त्यांनी फरक पडला. पण काकांचे दात वेडेवाकडे, पट्टी बसेल तिथेच बसायची. पुढे आलेले दात मलई झाले, मागे सरकलेले चंदनच राहिले. वर हिरडी भाजली ती वेगळीच.

"बैलाच्या शिंगाला अर्धाच रंग दिल्यासारखा दिसतोय मी," काका गरजले. "चला डॉक्टरकडे!"

गंगापूर रोडवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी आधी लिंबू-सोड्यावरून काकांना असं झापलं की आयुष्यात पहिल्यांदा काका गप्प बसले. दात शिवशिवायचे थांबेपर्यंत त्यांनी कशाला हातच लावला नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, दात साफ केले आणि दोन रस्ते सांगितले. इथे खुर्चीत बसून, हिरड्या झाकून, तीव्र जेल लावायचं, काम एका बैठकीत. किंवा दातांचा साचा घ्यायचा आणि सौम्य जेल घालून तो घरी रोज थोडा वेळ बसवायचा, दोन-तीन आठवडे.

"किती फुटावर जातं ते जेल?" काकांनी विचारलं.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी अर्थ सांगितला. त्या हसल्या. "काका, ते दाताच्या आत झिरपतं. म्हणून तर रंग बदलतो."

नाशिक शहरात काकांना पटलेलं ते पहिलं उत्तर असावं. ते लगेच खुर्चीत बसले.

दात खरोखर उजळले. फक्त एक सोडून. एका दातावर जुनी कॅप होती, आणि कॅपचा रंग बदलत नाही हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. काकांनी ते अर्थातच ऐकलं नव्हतं. वर रात्रभर दातांत करंट मारत राहिला, आणि दोन दिवस चहा बंद, हळद बंद. दहीभात खाऊन माणूस किती संतापू शकतो ते आम्ही बघितलं. रविवारी माझ्याकडे मिसळीचं पार्सल आलं तर काका दारात उभे. "झाकण लावा त्याला! माणुसकी शे का नाय?"

पण निकाल त्यांनी नीट विचार करून दिला. "खुर्चीचं काम झटपट, पण करंट वाईट. पोरीला साचा देऊ. हळूहळू होऊ द्या. तिला दुखायला नको."

मग एका शनिवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाईंनी अर्चनाचे दात बराच वेळ बघितले. शेवटी विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?"

"बोअरचं," अर्चना म्हणाली. "आमच्या वस्तीवर मामांनीच मारून दिली होती बोअर. मी जन्मायच्या आधी."

"हे चहासारखे वरचे डाग नाहीत," बाई म्हणाल्या. "काही खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. मुलांचे दात घडत असतात त्या वयात ते पाणी पोटात गेलं की असे पट्टे येतात. पाणी तपासून घ्या. अजून कुणी पितं का ते?"

"सगळी वस्ती पिते."

मी काकांकडे बघितलं. वाटलं, आता खुर्ची उचलून फेकतील. ते हळूच बाकावर बसले.

"एकशे नव्वद फुटांवर थोडं पाणी लागलं होतं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "गाडीचा मालक म्हणाला, बस झालं. मीच म्हटलं अजून खाली चल. दोनशे ऐंशीपर्यंत गेलो. बहिणीला कमी पडायला नको म्हणून."

येताना गाडीत त्यांनी एवढंच सांगितलं की बहीण सुमन, म्हणजे अर्चनाची आई, तेव्हा लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. त्या भाऊबीजेला साडीऐवजी ते बोअरची गाडीच घेऊन गेले होते.

अर्चना मागच्या सीटवरून म्हणाली, "मामा, तुम्हाला थोडंच माहीत होतं?"

तिचे दात बाईंनी आधी वरून हलके घासून घेतले, मग साचा दिला. दीड महिन्यात पट्टे पुसट झाले. दोन राहिले. बाई म्हणाल्या, अजून करता येईल. अर्चना म्हणाली, "पुरे."

पाण्याचा अहवाल काकांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. फ्लोराइड जास्तच होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना वस्तीवर घेऊन गेलो. नळ तिथे दोन वर्षांपूर्वीच आला होता, पण बोअरचं पाणी गोड म्हणून सगळे तेच प्यायचे. काका घरोघर गेले. प्रत्येक आईला अहवाल दाखवला, पोरांची तोंडं उघडून बघितली. कुणावर ओरडले नाहीत. मग लाल रंगाचा डबा उघडला आणि बोअरच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे पाणी पिऊ नये. फक्त वापरायला.'

त्याखाली ते स्वतःचं नाव लिहायला लागले. सुमनबाई पुढे आल्या. "नाव कसाले लिखस, भाऊ?"

"लोकांना कळायला नको का," काका म्हणाले, "शिव्या कोणाला घालायच्या ते?"

सुमनबाईंनी भावाच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्या पदराने त्यांच्या बोटांवरचा लाल रंग पुसत राहिल्या.