आठ टक्के ओलावा माफ

आमच्या घरच्या वजनकाट्याची सुई, त्यावर कोणी उभं नसताना, शून्याच्या दीड मिलिमीटर डावीकडे असते. म्हणजे यंत्राच्या मते न्हाणीघरासमोरच्या रिकाम्या जागेचं वजन उणे आठशे ग्रॅम आहे. स्वतःचं मोजमाप करताना माणूस शून्यापासून सुरुवात करत नाही, हे सार्वत्रिक सत्य आमच्याकडे रोज सकाळी सहा वाजता सिद्ध होतं.

प्रकरण चार वर्षांपूर्वी सुरू झालं. आमची मुलगी देवश्री मालवणच्या समुद्रात पोवळ्यांचा अभ्यास करते. तिनं कळवलं की प्रकल्प चालू आहे तोवर दोघं या, मी स्वतः तुम्हाला पाण्याखाली नेते. सोबत डॉक्टरांनी सही करायचे दोन फॉर्म पाठवले. वजन नव्वद किलोच्या आत हवं, ही मुख्य अट. शरदचंद्रराव, म्हणजे माझे यजमान, अठ्ठ्याण्णव भरले. (दुसऱ्या फॉर्मचं काय झालं, हा या लेखाचा विषय नाही.) जायचं ते जोडीनं, असं ठरलं. (कोणी ठरवलं, याची नोंद सापडत नाही.)

आदिलाबादहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या अलीकडे सहसा भेटत नाही. त्यामुळे तयारी शांतपणे करता आली.

सर्वप्रथम समिती नेमली गेली. ग्राउंडवर फिरायला येणारे चार निवृत्त अधिकारी, अध्यक्ष शरदचंद्रराव. एकालाही पोहता येत नसल्यानं मतभेद झाले नाहीत. चार वर्षांत बैठका एकशे ब्याण्णव. प्रत्येक बैठकीआधी चालण्याच्या फेऱ्या दोन. बैठकीत मिरची भजी माणशी सहा. याच काळात समितीचं एकूण वजन अकरा किलोंनी वाढलं. अहवालात हे 'प्रगती' या सदरात आहे.

दुसरा टप्पा श्वासाचा. बादलीत तोंड बुडवून दम कोंडायचा. सर्वोत्तम कामगिरी एकोणीस सेकंद. मी ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं असल्यानं, पाठीवर सिलिंडर असताना दम कधीच कोंडायचा नसतो, हा पहिलाच नियम आहे, असं लक्षात आणून दिलं. सूचना फाइलला लावली गेली.

तिसरा टप्पा बासरला, गोदावरीच्या घाटावर. साखळी दोन्ही हातांनी धरून तीन डुबक्या, खोली नव्वद सेंटिमीटर. फॉर्ममध्ये 'खोल पाण्याचा अनुभव' या रकान्यात 'आहे' असं लिहिलं गेलं. (घरी डोक्यावरून पाणी घेतानाही शरदचंद्ररावांचा एक हात नळावर असतो. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. निरीक्षणं चार वर्षांची आहेत.)

मात्र खरं संशोधन वजनातच झालं. शरदचंद्ररावांची सगळी नोकरी कापूस खरेदीच्या यार्डात झाली. तिथे कापसात आठ टक्के ओलावा माफ असतो. वरच्या प्रत्येक टक्क्याला कटती लागते, म्हणजे तेवढं वजन कापून धरतात. यार्डातल्या काट्यावरचे त्यांचे जुने सहकारी चंपतराव एकदा चहाला आले. आकडा पाहून ते म्हणाले, "साहेब, कापसाची ओल आपण कापतो, मंग मानसाची काऊन नाई?"

प्रश्न बिनतोड होता. माणसाच्या शरीरात पाणी साठ टक्के. पैकी आठ माफ, उरलेल्या बावन्न टक्क्यांची कटती. अठ्ठ्याण्णवमधून ती वजा केली तर शरदचंद्रराव निव्वळ सत्तेचाळीस किलो भरतात. त्यांच्या उंचीच्या पुरुषाला हे चिंताजनक असल्यानं त्या हिवाळ्यात डिंकाचे लाडू सुरू झाले. (बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला तर यार्डात माल घेतच नाहीत, गाडी परत पाठवतात. हा नियम चर्चेला आला नाही.)

देवश्रीनं फोनवर विचारलं, "बाबा, इथे सगळीकडे ओलावा शंभर टक्के आहे. कटती कशातून लावू?" हा नवा तांत्रिक मुद्दा म्हणून समितीकडे गेला. त्यात आठ महिने गेले.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या पंचफुलानं एकदा हातातलं पातेलं थांबवून विचारलं, "बाई, साहेब सोता कमी होऊन राह्यले, का काट्यालेच कमी करून राह्यले?" दोन्ही प्रयत्न चालू आहेत, असं मी सांगितलं.

नोंदी सगळ्या माझ्याकडे. रोजची एक, तारखेसह, एकूण चौदाशे साठ. आलेखही काढला आहे. सवय जुनी. कॉलेजच्या कपाटात पोवळ्याचा एक तुकडा होता, बाटलीतला, खडूसारखा पांढरा. एकतीस वर्षांच्या वर्गांना मी तो दाखवला. जिवंत असताना रंग कसा असतो, असं एखादी मुलगी दर वर्षी विचारायची. पुस्तकात केशरी दिलाय, असं मी सांगायचे.

गेल्या रविवारी देवश्रीचा फोन आला. जानेवारीअखेर प्रकल्प बंद होतोय, ती परदेशी जातेय, शेवटची बोट वीस तारखेला. "बाबा, आता नक्की काय ते सांगा." शरदचंद्ररावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि ताजं वजन (सत्त्याण्णव किलो), समितीची शिफारस आणि पथ्य संक्रांतीनंतरच्या सोमवारीच सुरू करण्याचं महत्त्व क्रमानं सांगायला घेतलं. आकड्यांसाठी मी वही उघडून शेजारी बसले होते.

चौदाशे साठ नोंदी, सगळ्या एकाच नावाच्या. दुसऱ्याची टाळाटाळ सुवाच्य अक्षरात टिपत बसणं हाही पाण्यात न उतरण्याचा एक प्रकार आहे, आणि त्यात समितीच्या कागदांसारखे भज्यांच्या चटणीचे डाग पडत नाहीत. वहीच्या मागच्या खिशात तो दुसरा फॉर्म होता. दर वर्षी नवा भरून घेत होते. डॉक्टरांच्या चार सह्या आहेत. वजन चौपन्न किलो, कटती न लावता. वाचकहो, आपण इथवर मोठ्या मजेनं त्यांचं वजन करत आलात. माझं किती, हे आपणही विचारलं नाहीत.

"आई, ऐकतेयस ना?" देवश्री म्हणाली.

मी वही मिटली.

"ऐकतेय. वीस तारखेच्या बोटीत एकच जागा धर. मी येतेय."