सांगून जाणारा सुरेश

सुरेश लघवीला गेला तरी मला सांगून जातो. नुसतं सांगत नाही, मी "जा, लवकर ये" म्हणेपर्यंत जागचा हलत नाही. गिऱ्हाइकं खोळंबू देत, दूध उतू जाऊ दे, हा आपला उभा. "अण्णाजी, बाथरूम जा रहा हूँ."

वय चाळिशीपुढं. केस माझ्यापेक्षा पांढरे.

मी फौजेच्या लंगरात रोट्या भाजल्या. आता इकडं उत्तरेतच, सेक्टर ४३ च्या बसअड्ड्याबाहेर चहा-पोह्यांची हातगाडी लावतो. शाळा दोन यत्ता, पण कुणाचा मिंधा नाही. सुरेशचा बाप माझ्याच पलटणीतला, साताऱ्याचा. पोरगं जन्मलं इथं, त्यामुळं मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत. चिट्ट्याच्या, म्हणजे त्या पांढऱ्या पुडीच्या नादानं चोऱ्या करून दोनदा जेलात गेला. दुसऱ्या खेपेला तिथं नशा सोडवायचा वर्ग होता. प्रत्येकाला एक जोडीदार, त्याला सांगितल्याशिवाय कुठं जायचं नाही. सुटल्यावर माझ्या गाडीवर कामाला लागला, तेव्हा सुरेशनं जोडीदार म्हणून मला नेमलं. मला न विचारता.

कंडक्टर खिदळायचे, "अण्णा, तेरी घरवाली छुट्टी माँग रही है."

एक दिवस माझं डोकं फिरलं. "मी तुझी आई आहे का रे? जा कुठं जायचं तिथं. पुन्हा मला सांगू नकोस."

त्यानं मान हलवली. दुपारी बघतो तर नाही. पहिल्यांदाच न सांगता गेला.

संपलं, म्हटलं. पुडीकडंच गेला हा. त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली. गिऱ्हाईक बोललं, तर त्यालाच शिव्या दिल्या.

संध्याकाळी पिंजौरच्या बसमधून उतरला. मी आधी डोळे बघितले. लाल होते, पण रडल्याचे. नशेचे डोळे मला कळतात.

"कुठं होतास?"

"बलबीर की माँ के पास. जेल में मेरा जोड़ीदार था. मुझसे पहले छूटा. बाहर किसको बोल के जाता, अण्णाजी? कोई था ही नहीं. महीने भर में चिट्टा खा गया उसको."

मी किटली घासत राहिलो. घासलेलीच होती ती.

मग हात पुसले. "सुरेश, मी लघवीला चाललोय."

तो चटकन उभा राहिला. "जाइए, अण्णाजी. जल्दी आना."

परत आलो तर तसाच उभा, माझ्या वाटेकडं बघत. मागं दूध उतू चाललं होतं.