कस्तुराबाईंच्या देवीची नवी चौकट

"दहा मिनिटांचं काम आहे. कुणाला पत्ता लागायचा नाही," महारुद्र सरांनी स्वतःलाच ठासून सांगितलं. पेडगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेचे ते मुख्याध्यापक. सोमवारी तपासणी होती, आणि शाळेत कुठल्याच धर्माची चित्रं नकोत, असं पत्र आलं होतं. इथं तर ऑफिसच्या भिंतीवर हातभर उंचीची भवानी, तीही कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या आठवणीत दिलेली. मेंढ्यांमागं काठी घेऊन हिंडणाऱ्या या म्हातारीला सरपंचही वचकून असायचे.

शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी तसबीर चादरीत गुंडाळली, मोटरसायकलवर पुढ्यात धरली आणि घराकडं निघाले. पहिल्याच वळणावर मेंढ्यांनी रस्ता अडवला. वाऱ्यानं चादर उडाली.

"सर, माझी देवी कुठं न्यायलाव?"

"काच बदलायला."

"काच तर धड हाय की."

"काच म्हणजे... चौकट. नवी बसवायचीय."

कस्तुराबाईंचे डोळे भरले. "लय पुण्याचं काम करायलाव बघा."

सरांनी घरी येऊन तसबीर कपाटात कोंबली.  रविवारभर दारावर कुणी आलं की ते न्हाणीघरात शिरायचे.

सोमवारी तपासणीला आलेले माणिकराव साहेब कोऱ्या भिंतीकडं बघून खुशीत मान डोलवत होते, तोच हलगी ऐकू आली.  फाटकातून वीसेक बायका आत आल्या. पुढं कस्तुराबाई, डोक्यावर देवी. शेजारी आरतीचं ताट घेऊन खुद्द सरांची बायको शालू.

"बसवायला न्यायचीय म्हणाल्या, म्हणून कपाटातून काढून दिली," ती कुजबुजली. "पण चौकट तर जुनीच दिसायलीय."

साहेबांनी चष्मा काढला. "सर, हे काय?"

 पत्र, चादर, चौकटीची थाप, सगळं सरांनी अडखळत सांगून टाकलं. हलगी थांबली. कस्तुराबाईंनी देवी खाली उतरवली आणि त्या सरांकडं वळल्या.

"शाळा समद्या लेकरांची हाय. आमच्या शेजारच्या पठाणाची नात बी हितंच शिकायलीय. मला सांगितलं असतं तर मीच घरी नेली नसती का? माझ्या देवीला कपाटात कोंडलाव व्हय, मास्तर?"

बायका देवी घेऊन परत फिरल्या. शालूही त्यांच्याबरोबर गेली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: "चित्र हटवले आहे. मुख्याध्यापकांनी गावकऱ्यांशी बोलण्याचा सराव करावा."

सरांनी खाली सही केली.