झुलालचा खिळा

कोर्टाच्या पायरीवर अभिमन वकिलांनी गळा चाचपला. गळ्यात वकिलाचा पांढरा बँड नव्हता! तो होता बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, झुलाल शिपायाच्या खिळ्यावर.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलची, धुळ्याकडच्या एका तालुका कोर्टातली. पाड्यावरच्या बिजलाकडे रेल्वेचं लोखंड सापडलं. रेल्वेचा माल बाळगल्याचा दिल्लीचा कायदा लागला, बिचारा तुरुंगात. त्याला वकील परवडेना, म्हणून कोर्टानेच अभिमन वकील नेमून दिले. वकील मिळाला हो, पण कायद्याचं पुस्तक? कोर्टाची पुस्तकं वाळवीने केव्हाच फस्त केलेली. बाररूममधली एकदा गेली की रुसलेल्या सुनेसारखी परतायचं नावच घेत नसत. म्हणून झुलालने नियम केला: आधी बँड खिळ्याला लटकवा, मग पुस्तक न्या. बँडशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही, त्यामुळे पुस्तक झक मारत परत येई. शनिवारी अभिमन वकिलांनी मुकाट्याने बँड दिला. आज पुस्तक काखेत, पण बाररूमला कुलूप! किल्ली झुलालच्या करदोट्याला, आणि झुलाल सोनगीरला भाचीच्या हळदीत.

"आज काम झालं नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी," कारकून म्हणाला. "तोवर बिजला आतच."

दारात बिजलाची आई बुधीबाई भाकरी घेऊन उभी होती. "वकीलभाऊ, मना बिजला आज जेलमाईन सुटी ना?"

"सुटी अक्का, पन मना गळामा बँड नही शे!"

बुधीबाईने भाकरीचं पांढरं फडकं सोडलं आणि टर्रकन फाडलं. "हाई ले!"

वकिलांनी ते गळ्यात बांधलं. त्याला लसणाच्या चटणीचा घमघमाट सुटला होता. आत सरकारी वकील रतिलालभाऊ गळ्याशी घडीचा रुमाल टाचून बसलेले.

"तुमचाही खिळ्यावर?"

"गप बसा हो!"

मॅजिस्ट्रेटसाहेब भलते कडक. कोटाचं बटण तुटलेलं दिसलं तरी वकिलाला बाहेर काढायचे. आज मात्र ते भर उन्हाळ्यात हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळून, घामाने निथळत बसले होते.

"वकीलसाहेब, गळ्यात हे काय?"

"मिळालं ते बांधलं, साहेब."

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, मग मफलर आणखी आवळला. "बरं, चालू द्या."

अभिमन वकील चाटच पडले! पण त्यांनी संधी सोडली नाही. "रेल्वेने लिलावात विकलेलं लोखंड रेल्वेचं राहत नाही. भंगारवाल्याची ही लिलावाची पावती. बिजलाने त्याच्याकडूनच घेतलं. आणि कायदा या पुस्तकात, या पानावर."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "आरोपी निर्दोष!"

बुधीबाईने आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरलेल्या बिजलाला मिठीच मारली, उघडी भाकरी हातात तशीच.

एवढ्यात तोंडभर हळद माखलेला झुलाल धापा टाकत आत आला. हातात खिळ्यावरचे तीन बँड. अभिमन वकिलांचं पुस्तक घेऊन त्याने बँड दिला. रतिलालभाऊंचं पुस्तक घेतलं, बँड दिला. मग तिसरा बँड मुठीत घट्ट धरून तो थेट साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, पहिले पुस्तक! साहेब का वकील, नियम बठ्ठासले एकच शे."